लायगोचा आरसा किती तापतो, हिशोब असा करा

आधी पॉवर धरा. अ‍ॅडव्हान्स्ड लायगो म्हणजे लेझरने गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र, त्याच्या 4 किमी लांब आर्ममधे (भुजेत) डिझाइनप्रमाणे साधारण 750 किलोवॅट प्रकाश फिरतो, आरशाच्या कोटिंगने त्यातला दहा लाखातला अर्धा भाग शोषला असं धरून गुणाकार करा, 0.375 वॅट. एवढंसंच वाटतं, पण बीम गाऊसियन असतो म्हणजे मधे प्रखर नि कडेला फिका, त्यामुळे 40 किलोच्या सिलिका आरशाचा मधलाच भाग जास्त तापतो, जरा फुगतो, अपवर्तनांक बदलतो आणि चक्क नको असलेलं भिंग तयार होतं!

आता बीमची रुंदी घाला. त्रिज्या दुप्पट केली की हे भिंग साधारण चौपट कमजोर होतं, पण आरसा 34 सेमी व्यासाचाच आहे, प्रकाश कडेबाहेर सांडला तर संपलंच. सपाट माथ्याचा मेसा बीमही सुचवलेला आहे, मला ती कल्पना फार आवडते, फक्त त्याला वेगळ्याच आकाराचे आरसे लागतात.

मग दुरुस्ती जोडा, आरशाभोवती रिंग हीटर आणि कॉम्पेन्सेशन प्लेटवर (हे भिंग भरून काढणाऱ्या वेगळ्या काचेवर) कार्बन डायऑक्साइड लेझर, दोन्ही उष्णता देऊनच काम करतात, मधल्या भागाऐवजी कडेकडचा भाग तापवून. आकडे नीट तपासायचे तर फिनेस हे अशा यंत्रातल्या प्रकाशाचं गणित करणारं फुकट सॉफ्टवेअर वापरा, हिंगोलीत होणाऱ्या लायगो-इंडियात काम करायचं मनात असलेल्यांनी तर नक्कीच.