आधी घारापुरी, मग सिंगापूर: पोरांना घेऊन फिरायचं कसं

पोरांसोबतची पहिली मोठी ट्रिप म्हणजे थेट सिंगापूर नाहीतर दुबई असं हल्ली बऱ्याच घरांत ठरतं, आणि मग इमिग्रेशनच्या रांगेत पोर रडतं, रात्री परक्या बेडवर झोपत नाही, ताटात आलेलं काही खात नाही, आणि शेवटी आईबाबा म्हणतात अजून लहान आहे, पुढच्या वेळी आजीकडे ठेवून जाऊ. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. रांगेत थांबणं, स्वतःची बॅग स्वतः उचलणं, घराबाहेर झोपणं हे सगळं पोरांना शिकवता येतं, फक्त ते शिकवायला परदेश कशाला हवा? आपल्याकडे लोकल आहे, लाँच आहे, नेरळची छोटी गाडी आहे, कोकण रेल्वे आहे. दर वेळी एकच नवीन गोष्ट अंगवळणी पाडायची आणि मग लांब जायचं.

सुरुवात अर्ध्या दिवसाची करा. रविवारी निघणार असाल तर आदल्या रात्री मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) कुठल्या लाइनवर आहे ते बघा, नाहीतर पोराचा सगळा उत्साह प्लॅटफॉर्मवरच संपतो. आधी मुंबईच्या राणीबागेत जा (बुधवारी बंद असते), पेंग्विन तर बघालच, पण भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला जो दगडी हत्ती उभा आहे तो मुद्दाम दाखवा. हा हत्ती मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले तेव्हा उचलताना तो फुटला आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. ही गोष्ट पोरांना जाम आवडते, फुटला म्हणजे कसा फुटला, सोंड कुठे पडली, प्रश्न संपत नाहीत. आणि मग पुढची ट्रिप आपोआप ठरते, हत्तीचं घर बघायला जायचं.

घारापुरीला सोमवारी लेणी बंद. गेटवेवरून लाँच साधारण तासभर घेते, सकाळची पहिलीदुसरी पकडा, ऊन आणि गर्दी दोन्ही कमी. लाइफ जॅकेटबद्दल मात्र अजिबात भीड ठेवू नका, डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर लाँचला अपघात होऊन माणसं गेली आहेत, त्यामुळे लहान मापाचं जॅकेट मागायचं, घालायचं आणि बक्कल स्वतः ओढून बघायचं. मोठं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं, त्याचा उपयोग नाही. वर चढताना दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, तेव्हा आधीच सांगून ठेवा की खरेदी उतरताना आणि एकच वस्तू. हातात उघडं खाणं देऊ नका, माकडं थेट हातातून घेतात. आणि सगळी लेणी दाखवायचा हट्ट नको, मुख्य लेण्यात त्रिमूर्तीसमोर दहा मिनिटं बसा, जवळपास २० फूट उंच आहे ती, पोरांना विचारा कुठला चेहरा रागावलाय आणि कुठला शांत आहे. तेवढं पुरतं. एका दिवसात एकच मोठी गोष्ट, हा नियम पुढे पॅरिसला गेलात तरी तसाच ठेवा.

पुढची पायरी म्हणजे घराबाहेर एक रात्र, त्यासाठी माथेरानसारखी जागा नाही. दस्तुरीनाक्याच्या पुढे खासगी गाड्या नाहीत, त्यामुळे पोरं रस्त्याच्या मधोमध मोकळी चालतात आणि तुम्हाला दर मिनिटाला हात धरावा लागत नाही. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची, रूळ फक्त दोन फुटांचे. पावसाळ्यात नेरळचा टप्पा बंद असतो पण अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ते माथेरान शटल बहुतेक चालू असते. दस्तुरीहून बाजारापर्यंत चालत गेलात तरी दोन अडीच किलोमीटर आहे, आणि इथेच प्रत्येक पोराच्या पाठीवर त्याची स्वतःची छोटी सॅक द्या, त्यात पाण्याची बाटली, एक ड्रेस, टॉर्च आणि एक खेळणं, बस. ती सॅक मधेच आपण घ्यायची नाही. थांबा, पाणी प्या, पण सॅक त्याचीच. रात्री झोपायला घरची उशी किंवा गोधडी न्या, परक्या खोलीत घरचा वास असला की पोर लवकर झोपतं.

घाटात उलटी होते म्हणून कितीतरी लोक पोरांना कुठे नेतच नाहीत, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते. कानाच्या आतल्या भागाला कळतं की गाडी वळतेय, पण डोळे मोबाइलवर किंवा पुस्तकात असतात, तिथे सगळं स्थिर, या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून गाडीत स्क्रीन बंद, नजर लांब बाहेर, मधल्या सीटवर बसवून समोरचा रस्ता दिसू द्या, खिडकी थोडी उघडी. पोट एकदम रिकामंही नको आणि आंबट, तेलकटही नको, निघण्याआधी थोडी पोळी किंवा कुरमुरे चालतात. लक्षण ओळखायला शिका, पोर अचानक गप्प होतं, जांभया देतं, चेहरा पांढरा पडतो, तेव्हाच गाडी थांबवा. औषध द्यायचं असेल तर ते आपल्या मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारूनच, शेजारच्या मुलाला दिलं म्हणून नाही. बोटीत आणि विमानातही यातलं जमेल तेवढं लागू.

मग रेल्वेचा लांबचा प्रवास. कोकण रेल्वेनं दिवसा जा, शक्यतो खिडकीची सीट. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा, पोरांना घड्याळ हातात द्या आणि सेकंद मोजायला लावा, डब्यात अंधार झाला की आसपासची पोरंही मोजायला लागतात. रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच, तो येण्याआधी खिडकीशी तयार राहा. तिकिटाचं लक्षात ठेवा, ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, ५ ते १२ मध्ये बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, आणि बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही, त्यामुळे गणपतीची किंवा मे महिन्याची तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

एवढं जमलं की परदेश. कागदांचं काम मात्र चारपाच महिने आधी सुरू करा. पहिल्यांदा जन्मदाखला काढून बघा, त्यावर मुलाचं नाव आहे का, कारण बऱ्याच दाखल्यांवर नाव नंतर टाकायचं राहून गेलेलं असतं, आणि आईबाबांच्या नावाचं स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टशी जुळतंय का. नसेल तर पासपोर्टच्या आधी ते महापालिकेत दुरुस्त करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो. लहान मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचाच मिळतो, अर्जासोबत अॅनेक्श्चर डी (पालकांचं संमतीचं घोषणापत्र) वर आईबाबा दोघांची सही लागते, आणि मूल ४ वर्षांखालचं असेल तर पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो घरून न्यायचा. ५ वर्षं भुर्रकन जातात, म्हणून तिकीट काढायच्या आधी मुलाच्या पासपोर्टची मुदत बघा, बरेच देश किमान ६ महिने शिल्लक मागतात. आईबाबांपैकी एकच जण सोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ असू द्या.

आजीआजोबांना घेऊन सोपी पहिली परदेशवारी हवी असेल तर माझं मत नेपाळ. विमानानं जाताना १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वरच्यांना पासपोर्टची सक्ती नाही, फोटो ओळखपत्र चालतं, बाकीच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, त्यांचं आधार चालत नाही. युरोपला जात असाल तर शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) फी ६ वर्षांखाली शून्य, ६ ते १२ ला ४५ युरो, मोठ्यांना ९०, वर व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच.

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेला रात्री दीडचं विमान म्हणजे १४ च्या रात्रीच घरातून निघायचं, हे घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगा. त्या दिवशी पोरांना दुपारी झोपवा आणि रात्रीचं जेवण घरीच द्या. २ वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावी लागते. उतरताना कान दुखतात तेव्हा बाळाला दूध पाजा, मोठ्याला घोट घोट पाणी द्या, गिळलं की दडा सुटतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, आणि त्याच बॅगेत मुलाचा आणि तुमचाही एकेक जादा ड्रेस.

शेवटचं खाण्याचं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दडपे पोह्यांचं साहित्य जरूर न्या, सकाळी हॉटेलात मेतकूट भात मिळाला की पोराचा दिवस चांगला जातो. पण दुबईला जाताना अनारसे अजिबात नेऊ नका, त्याच्यावर खसखस असते आणि तिथे खसखशीवर बंदी आहे, अगदी चिमूटभर असली तरी अडचण होऊ शकते. सुकं खोबरं विमानात नेता येत नाही, म्हणून चटणी करणार असाल तर शेंगदाण्याची करा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जे काही खाण्याचं बॅगेत आहे ते सगळं फॉर्मवर लिहून द्या, नाही लिहिलं तर मोठा दंड होतो, लिहिलं तर फार तर ती वस्तू काढून घेतात.