समूहनृत्याचा व्हिडिओ मुका होऊ नये म्हणून : ठेका ठरवण्यापासून यूट्यूबवर चढवण्यापर्यंत

गॅदरिंग झालं की दुसऱ्याच दिवशी पालकांचे फोन सुरू होतात, ‘सर, व्हिडिओ कधी टाकताय?’ आणि टाकला की लगेच, ‘सर, त्यात आवाजच नाही की ओ!’ बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या शाळा, नृत्यवर्ग आणि तरुण मंडळांना हा अनुभव नवा नाही. महिनाभर घाम गाळून बसवलेला नाच, आणि पडद्यावर पोरं मुक्यानं उड्या मारतायत.

यात यूट्यूबचा खोडसाळपणा नसतो. गाणं दुसऱ्याच्या मालकीचं असतं, आणि ते ओळखणारी यंत्रणा चोवीस तास जागी असते. या अडचणीवर बहुतेक जण व्हिडिओ चढवताना उपाय शोधतात. तोवर उशीर झालेला असतो. उपाय करायचा तो तालमीच्या आधी, ट्रॅक बनवताना.

हाच पेच स्पर्धात्मक चिअरलीडिंगवाल्यांनी आधीच भोगलाय. आपल्याकडे चिअरलीडिंग म्हटलं की २००८ पासूनच्या आयपीएलमधला सीमारेषेवरचा नाच आठवतो, पण स्पर्धेतलं प्रकरण वेगळं आहे. साधारण अडीच मिनिटांत कोलांट्या, मानवी मनोरे, उंच फेक आणि नाच. त्याच्या जागतिक संघटनेला, इंटरनॅशनल चिअर युनियनला, २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. त्यांचं संगीत म्हणजे पाच-सहा गाण्यांचे तुकडे, मध्ये ‘धडाम’ आणि ‘सुर्रर्र’, वर संघाच्या नावाचा पुकारा. आपल्या शाळांत लेझीम, मनोरे आणि पॉम-पॉमची कवायत एकत्र करून जो आयटम बसवतात, त्याचा ट्रॅकही हुबेहूब असाच असतो. फरक इतकाच, की आपल्यात एक तुकडा मराठी, एक हिंदी आणि दोन कन्नड असतात. म्हणजे एका व्हिडिओवर तीन-चार कंपन्या हक्क सांगू शकतात. अमेरिकेत ‘यूएसए चिअर’ या संघटनेला शेवटी संगीताच्या हक्कांची नियमावली काढावी लागली. संघाकडे संगीताच्या परवान्याचा कागद हवा, असं तिथं ठरलं.

आधी मालक कोण ते ओळखा

एका गाण्यात निदान दोन हक्क असतात. एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. पहिला गीतकार-संगीतकाराकडून आलेला, दुसरा सहसा कंपनीचा. तुम्ही गाणं स्वतः गाऊन रेकॉर्ड केलंत तर दुसरा प्रश्न सुटतो, पहिला तसाच राहतो. बँजो पार्टीवाले इथंच फसतात. वाजवणारे आपले, रेकॉर्डिंग आपलं, पण चाल सिनेमातली. यूट्यूबची यंत्रणा नुसती चालही ओळखू शकते.

कायद्यात मुदतीही दोन आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं. म्हणजे १९६० साली आलेलं रेकॉर्डिंग २०२० संपताना मोकळं झालं, पण त्याचा संगीतकार १९९० मध्ये वारला असेल तर चाल २०५० पर्यंत बांधलेलीच. तुकोबांचे अभंग, पुरंदरदासांची पदं, अक्कमहादेवींची वचनं यांचे शब्द सर्वांचे आहेत. त्यांना अलीकडच्या संगीतकारानं लावलेली चाल मात्र त्याची, आणि बाजारातलं रेकॉर्डिंग कंपनीचं. ‘अभंग आहे, त्याला कसला कॉपीराइट?’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं.

शाळेची सवलत कुठं संपते

कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थांना मोठी सूट आहे. संस्थेच्या कार्यक्रमात रेकॉर्ड वाजवायचं आणि समोर बसलेले फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील, तर परवानगी लागत नाही. त्यामुळे गॅदरिंगला गाणं लावण्यावरून घाबरायचं कारण नाही. पण ही सूट त्या प्रेक्षकांपुरती आहे. यूट्यूबचा प्रेक्षक म्हणजे पालक नव्हे. तो जगभरचा माणूस.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांची समजूतही तपासून घ्यायला हवी. संयोजकांनी गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेकडून कार्यक्रमाचा परवाना काढला असेल, तर तो मैदानावर गाणं वाजवण्याचा असतो. तेच गाणं चित्राला जोडून व्हिडिओ प्रसिद्ध करणं हा निराळा हक्क, त्याची परवानगी निराळी. ‘परवाना काढलाय की’ असं म्हणून व्हिडिओ चढवला, तरी यूट्यूबवर गाण्याच्या मालकाचा हक्काचा दावा येतोच.

‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’, ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा सेकंदांचा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओखाली ‘श्रेय मूळ कलाकारांना’ किंवा ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ लिहून काही होत नाही, उलट गाणं दुसऱ्याचं आहे हे माहीत होतं याची तीच कबुली. गाणं किंचित जलद करणं, सूर चढवणं या युक्त्याही आता फारशा लागत नाहीत. थोडक्या वापरावरूनही केवढं होऊ शकतं, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याच राज्यात दिसलं. ‘केजीएफ चॅप्टर २’ ची गाणी भारत जोडो यात्रेच्या व्हिडिओंत वापरल्यावरून बंगळूरच्या एमआरटी म्युझिक या संगीत कंपनीनं कोर्टात दावा लावला, आणि तिथल्या न्यायालयानं काँग्रेसचं ट्विटर खातंच रोखण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयानं तो रद्द केला, पण ते व्हिडिओ काढून टाकण्याच्या अटीवर. शाळेच्या नाचावरून कुणी कोर्टात ओढेल असं मला वाटत नाही. यूट्यूबवरचा दावा मात्र नक्की येतो.

मुख्य काम : एकाच ठेक्याचे दोन ट्रॅक

रंगमंचासाठी एक ट्रॅक, नेटसाठी दुसरा. दोन्हींचा वेग एक, लांबी एक, आणि जोराच्या जागाही त्याच. सगळी गंमत या ‘त्याच’ मध्ये आहे.

नाच बसवणारे ‘एक ते आठ’ मोजतात. समजा तुमचा आयटम अडीच मिनिटांचा आणि वेग मिनिटाला १४४ ठोके. म्हणजे एकूण ३६० ठोके, आठाचे ४५ गट. कागदावर १ ते ४५ रकाने आखा. कितव्या गटाच्या कितव्या ठोक्याला मनोरा उभा राहतो, कुठं उडी, कुठं लेझीम जमिनीकडे, कुठं सगळे स्तब्ध, ते लिहा. हा कागद म्हणजे तुमच्या आयटमचा नकाशा. आता रंगमंचाचा ट्रॅक मिक्स करणाऱ्या साउंडवाल्याला सांगा की गाणी कुठलीही असोत, सगळे तुकडे १४४ वर आण. एरवी तो प्रत्येक तुकडा मूळ वेगात ठेवतो, पोरं मध्येच अडखळतात, आणि दुसरा ट्रॅक जुळवणं अशक्य होतं.

दुसऱ्या ट्रॅकसाठी आपल्या भागात दुष्काळ नाही. हलगी, ढोल-ताशा, झांज, संबळ वाजवणारे गावोगाव आहेत. पारंपरिक ठेका कुणाच्या मालकीचा नसतो. त्यांना नकाशा दाखवा आणि त्याबरहुकूम वाजवून घ्या. एक पथ्य पाळायचं : रेकॉर्डिंगच्या वेळी मुख्य हलगीवाल्याच्या कानात इअरफोन आणि त्यात १४४ ची टिकटिक. मोबाइलवर मेट्रोनोमची फुकट ॲप मिळतात. टिकटिक नसली की रंगात आलेली हलगी लय चढवते. मैदानात ते सुंदर वाटतं, पण व्हिडिओत दीड मिनिटानंतर पाय एकीकडे आणि ठोका दुसरीकडे. पंचेचाळीसाव्या गटाला मनोरा उभा राहायच्या आधीच वाजवणं संपलेलं असतं.

हलगी नको असेल तर यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी आहे, फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी मेटाचा ध्वनिसंग्रह आहे. वेगानुसार चाळा. यूट्यूबच्या लायब्ररीतल्या काही तुकड्यांना श्रेय देण्याची अट असते, ती ओळ वर्णनात जशीच्या तशी चिकटवा. इतर ‘फुकट संगीत’ संकेतस्थळांवरून काही घेतलंत तर परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. पुढं दावा आला तर कामी येतो. माझं मत विचाराल तर, खानापूरच्या पोरांच्या मनोऱ्याखाली परदेशी सिंथेसायझर वाजण्यापेक्षा हलगी शंभर पटींनी बरी.

वादकांकडून कागद घ्या

‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला?’ असं म्हणू नका. वाजवणाऱ्यालाही कायद्यानं हक्क दिलेला आहे. परवानगी लेखी घ्या, मराठीत किंवा कन्नडमध्ये, साध्या कागदावर. मजकूर असा पुरे : ‘अमुक तारखेला आम्ही वाजवलेलं ध्वनिमुद्रण अमुक शाळेला आपल्या कार्यक्रमांच्या व्हिडिओंत, इंटरनेटवरील कोणत्याही माध्यमावर, जगभर, इतक्या वर्षांसाठी वापरण्यास आमची परवानगी आहे. त्याबद्दल इतकं मानधन मिळालं.’ खाली सगळ्यांच्या सह्या.

यातले ‘जगभर’ आणि ‘इतक्या वर्षांसाठी’ हे शब्द गाळू नका. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईतल्या मामाला व्हिडिओ दिसायचा असेल तर ‘जगभर’ हवंच. आणि मानधन खरोखर द्या.

चित्रीकरणाच्या दिवशी

कॅमेऱ्यात भोंग्यातून येणारं गाणं शिरणारच, म्हणून त्याचा आवाज शेवटी पूर्ण काढायचा हे धरून चला. सुरुवातीला चित्रात दिसेल अशी एक ठळक टाळी कुणाला तरी पहिल्या ठोक्यावर वाजवायला लावा, दुसरा ट्रॅक जुळवताना तीच खूण. नुसत्या ट्रॅकवर व्हिडिओ कोरडा वाटतो, म्हणून प्रेक्षकांच्या टाळ्या-शिट्ट्या गाणं सुरू होण्याआधी आणि संपल्यावर वेगळ्या टिपून घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे रंगीत तालमीच्या दिवशी एक फेरी गाण्याशिवाय घ्या. ठेका फक्त शिक्षकाच्या कानात, बाहेर शिट्टी आणि ‘एक, दोन, तीन’. फोन मंचाजवळ ठेवला की लेझमीची खणखण, पायांचा धपधपाट, मनोरा चढताना खालच्या पोराचं ‘ये वर!’ हे सगळं स्वच्छ मिळतं. हलगीखाली हे मिसळलं की व्हिडिओत जीव येतो.

आणि हो, मुलांचे चेहरे नेटवर जाणार, तर पालकांची संमती चिठ्ठी आधीच घेतलेली बरी.

चढवताना

व्हिडिओ आधी ‘प्रायव्हेट’ ठेवून चढवा. चढवतानाच ‘चेक्स’ नावाची पायरी येते, तिथं कॉपीराइटची तपासणी पूर्ण होऊ द्या. हिरवी खूण आली की मगच सार्वजनिक करा. ‘अनलिस्टेड’ (म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसणारा) ठेवला की तपासणी होत नाही, हा गैरसमज आहे. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्याला लोकप्रिय गाण्यांचा संग्रह पुरता मिळत नाही, त्यामुळे नृत्यवर्गांनी तिथंही आपलाच ट्रॅक लावावा. थेट प्रक्षेपणात रंगमंचाचा ट्रॅक वाजला तर मधेच प्रक्षेपण तुटू शकतं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं लाइव्ह करणाऱ्या मंडळांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, तिथं प्रत्येक रथावर वेगळं गाणं असतं.

तरीही दावा आला तर

आधी पाहा की तो ‘क्लेम’ आहे की ‘स्ट्राइक’. क्लेम त्या एका व्हिडिओपुरता असतो : जाहिरातीचे पैसे मालकाला जातात, नाहीतर व्हिडिओ काही देशांत बंद होतो. चॅनलला त्यानं धक्का लागत नाही. स्ट्राइक म्हणजे मालकाच्या मागणीवरून व्हिडिओ काढून चॅनलला दिलेली ताकीद, ती गंभीर. ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जातं.

क्लेम आला आणि गाणं खरंच दुसऱ्याचं असेल तर भांडू नका. ‘यूट्यूब स्टुडिओ’ या चॅनल सांभाळायच्या पानावर त्या भागातलं गाणं पुसण्याची, बदलण्याची किंवा तो तुकडा छाटण्याची सोय आहे. पुसताना बोलणं आणि टाळ्या शिल्लक ठेवण्याचा प्रयत्न यूट्यूब करतं, जमतंच असं नाही. तुमच्याकडे दुसरा ट्रॅक तयार असेल तर सरळ नवा व्हिडिओ चढवणं सोपं.

हलगी तुमची, कागद तुमच्याकडे, आणि तरी कुणी हक्क सांगितला, तर ‘डिस्प्यूट’ करा, म्हणजे हरकत नोंदवा. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, त्यानं उत्तर दिलं नाही तर दावा सुटतो. त्यानं नाकारलं तर अपील करता येतं, आणि त्याला ७ दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. मात्र अपीलही त्यानं नाकारून व्हिडिओ काढायला लावला, तर तुमच्यावर स्ट्राइक बसते. म्हणून सह्यांचा कागद हातात असेल तरच तिथवर जा.

रंगमंचाच्या मूळ ट्रॅकसकटचा व्हिडिओ पालकांना आठवण म्हणून हवाच असतो. तो सार्वजनिक न करता वर्गशिक्षकांनी त्या-त्या मुलांच्या घरी पेनड्राइव्हवर द्यावा. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र फुटतं.