सगळे, बहुतेक, सरसकट : या चुका टाळा

अतिवृष्टीनंतर तहसील कार्यालयात जे अर्ज जातात, त्यांत एक वाक्य हमखास असतं : ‘आमच्या गावातील सर्व शेतकऱ्यांचे संपूर्ण पीक वाया गेले आहे.’ लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, वाक्य मात्र कच्चं असतं. माळावरच्या एका गटात, म्हणजे एका गट नंबरच्या जमिनीत, तूर उभी दिसली की ‘सर्व’ही खोटं ठरतं आणि ‘संपूर्ण’ही. मग नदीकाठी ज्याचं सोयाबीन खरंच मातीसकट वाहून गेलं, त्याच्या म्हणण्याकडेही संशयाने पाहिलं जातं. मोठा शब्द घातला की मागणीला जोर येतो असं वाटतं, पण असा शब्द खोडायला एकच उदाहरण पुरतं.

त्यापेक्षा असं लिहा : ‘नदीकाठच्या गटांतील सोयाबीन पूर्ण वाहून गेले. माळावरील तूर उभी आहे, पण पाणी साचल्याने पिवळी पडली आहे.’ पीक नुकसानीच्या मदतीसाठी निकष ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसानीचा आहे. त्यात बसायला ‘संपूर्ण’ची गरजच नाही.

‘सरसकट’ आणि ‘सर्रास’

आपल्याकडे दर पावसाळ्यात ‘सरसकट पंचनामे करा’ अशी मागणी होते. सरसकट म्हणजे भेद न करता, निवडानिवड न करता. पंचनामा तर प्रत्येक गट वेगळा पाहून, नुकसान नोंदवूनच करायचा असतो. हे दोन शब्द शेजारी ठेवले की मागणी नेमकी कोणती, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. ‘पंचनाम्याची अट न ठेवता सरसकट मदत द्या’ असं म्हणायचं असेल, तर तसं लिहा. ‘एकही गट न वगळता पंचनामे करा’ म्हणायचं असेल, तर ते लिहा. दोन्ही मागण्या रास्त असू शकतात, पण त्या वेगळ्या आहेत आणि त्यांवर मिळणारी उत्तरंही वेगळी असतात.

‘सर्रास’ हा सरसकटचा जुळा भाऊ समजून वापरला जातो, ती चूक आहे. सर्रास म्हणजे राजरोस, वारंवार, कुणाची भीड न बाळगता. वाळूउपसा सर्रास चालतो, मदत सरसकट वाटली जाते. ‘सर्रास’मध्ये नापसंतीची छटा असते, म्हणून ‘गावात सर्रास वृक्षारोपण झाले’ हे वाक्य कानाला खटकतं. शिवाय सर्रास म्हणजे ‘सगळे’ नव्हे. ‘परीक्षेत सर्रास कॉपी होते’ या वाक्यातून प्रत्येक विद्यार्थी कॉपी करतो असा अर्थ निघत नाही. बातमी लिहिताना हा फरक विसरला, तर इमानाने पेपर लिहिणाऱ्या पोरांवर अन्याय होतो.

नकारातला ‘सगळे’

मला सर्वांत घातक वाटते ती चूक इथे आहे. ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहिलेलं असतं : ‘सभेस सर्व सदस्य उपस्थित नव्हते.’ म्हणजे कुणीच नव्हतं, की काही जण नव्हते? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदावर ती सोय नाही. गणपूर्तीचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा, वाद निघाला की दोन्ही बाजू हेच वाक्य पुढे करतात. ‘च’ लावूनही भागत नाही. ‘सगळेच आले नाहीत’ याचेही दोन अर्थ होतात.

दुरुस्ती सोपी आहे. शून्य सांगायचं असेल तर ‘एकही सदस्य आला नाही’ किंवा ‘कुणीच आलं नाही’. काही जण आले असतील तर ‘११ पैकी ७ सदस्य उपस्थित होते’. बोलीत ‘सगळे काही आले नाहीत’ म्हटलं की थोडे आले होते हे बरोबर समजतं, इतिवृत्तात मात्र आकडाच हवा.

‘बहुतेक’चे दोन अर्थ

‘बहुतेक गावकरी मोर्चाला जाणार.’ बरेच जाणार, की जाण्याची शक्यता आहे? या एका शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, म्हणून लिहिताना त्याला मोकळं सोडू नये. शक्यता सांगायची तर ‘बहुधा’ आणि संख्या सांगायची तर ‘बहुसंख्य’ किंवा ‘निम्म्याहून जास्त’. ‘बहुतांश’मध्ये अंश आहे, तो मोजमापाच्या गोष्टीला शोभतो : जिल्ह्याचा बहुतांश भाग, खर्चाचा बहुतांश हिस्सा. ‘बहुतांश लोक’ हल्ली रूढ झालंय, मला ते पटत नाही. आणि पाच माणसांनाच विचारलं असेल तर यांतला एकही शब्द आपला नाही. ‘मी ज्यांच्याशी बोललो ते म्हणाले’ इतकंच लिहावं.

शब्दाशिवाय केलेलं सरसकटीकरण

‘सगळे’, ‘नेहमी’ यातलं काहीही न लिहिता मराठीत सरसकट विधान करता येतं, केवळ ‘असतो’ आणि ‘नसतो’च्या बळावर. ‘यंदा पाणी नाही’ ही एका वर्षाची हकीकत झाली. ‘मराठवाड्यात पाणी नसतं’ म्हटलं की तो प्रदेशाचा स्वभावच ठरतो. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ते चित्र देशभर गेलं आणि त्या ‘नाही’चं ‘नसतं’ झालं. प्रत्यक्षात आष्टी-पाटोद्याचा कोरडा पट्टा आणि किनवट-माहूरचा जंगलाचा भाग यांच्या पावसात मोठं अंतर आहे. अर्धापूरला केळीच्या बागा आहेत, जालन्याला मोसंबी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच आधणात शिजलेली असतात. आठ जिल्ह्यांचं तसं नाही. म्हणून लिहिताना वर्ष आणि तालुका घाला, ‘नसतं’चं ‘नव्हतं’ करा.

माणसांबद्दलची विधानंही याच वाटेने जातात. ‘तिकडची पोरं मागेच असतात’ हे ऐकून आपली मराठवाड्यातली पोरं पुण्यात मुलाखतीआधीच खचतात, याचा मला राग येतो. पण ‘पुण्याची माणसं तुसडीच असतात’ हे आपणही तितक्याच सहज बोलतो. ‘एकजात’ हा शब्द तर माणसांसाठी वापरूच नये, त्यात सगळ्यांना एका फटक्यात हलकं ठरवण्याची खोड आहे. सगळ्यांचा आदराने उल्लेख करायचा तर ‘झाडून सगळे’ किंवा ‘एकूण एक’ आहेत, तेही खरोखर कुणी उरलं नसेल तरच.

आता काही किरकोळ चुका. ‘प्रत्येक’नंतर एकवचन येतं : ‘प्रत्येक शेतकरी आला’, ‘आले’ नाही. वाटणी सांगताना ‘प्रत्येकी’ : ‘प्रत्येकी दोन पोती’. ‘सहसा’ नकारात जास्त खुलतो : ‘तो सहसा उधारी ठेवत नाही’. ‘साधारण’ म्हणजे अंदाजे आणि ‘सरासरी’ म्हणजे बेरजेला संख्येने भागून आलेला आकडा, त्यांची अदलाबदल करू नये. ‘सरासरीइतका पाऊस झाला’ हे वाक्य एकूण बेरीज सांगतं. पेरणीनंतर पडलेला लांब खंड आणि मग चार दिवसांत कोसळलेलं पाणी त्यात दिसत नाही. अतिवृष्टीची नोंदही काही गावं मिळून होणाऱ्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर होते. तेव्हा मंडळातल्या एखाद्या गावात वेगळा पाऊस झाला असेल, तर अर्जात मंडळाचं नाव लिहून थांबू नका. गाव, शिवार, तारीख आणि वेळ लिहा.