निरोप आखूड केला
सांगलीत हळदीच्या गोदामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. 2019 च्या महापुरात मी कामगारांना पाठवलेल्या लांबलचक निरोपात धरणातील विसर्ग, पावसाचा अंदाज आणि माझी काळजी हे सारे आधी आले, आणि ‘पोती आजच माळ्यावर चढवा’ हे वाक्य शेवटी राहिले. ते बहुतेकांनी वाचलेच नाही व खालच्या थरातील पोती भिजली. चूक माझीच होती.

तेव्हापासून मी काम, माणूस आणि वेळ पहिल्याच ओळीत लिहितो, त्यामागचे कारण कुणी विचारले तरच सांगतो आणि निरोप मोठ्याने वाचून एका दमात न संपल्यास कापतो. 2021 च्या पुरात सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकताना मी एवढेच लिहिले : ‘पोती सहापर्यंत माळ्यावर. जबाबदारी मुकादमांची.’ मुकादमांचे उत्तर आले, ‘चढवतो.’ पाणी 45 फुटांच्या धोका पातळीला पोहोचण्यापूर्वी माळा भरला होता.