जर्मन मेल, बी२ आणि बुटीबोरीची बस

बुटीबोरीच्या कारखान्यात मी खरेदी बघतो. माझा पहिला जर्मन मेल म्हणजे हुकूमच होता बाप्पा: 'शिकन झी', पाठवा! आता 'क्यॉन्टन झी बिट्टं' लिहितो, पाठवू शकाल का. बी२ला, म्हणजे जर्मनच्या वरच्या मध्यम पातळीला, हे कोन्युंक्टिव्ह २, म्हणजे क्रियापदाचं नम्र विनंतीचं रूप, आधी घोटा.

मेलची सुरुवात 'झेअर गेएर्टे फ्राउ' (बाईंसाठी 'आदरणीय श्रीमती'), आडनाव, स्वल्पविराम. पुढची ओळ लहान अक्षरानं, पहिला शब्द नाम किंवा मानाचा 'झी' (आपण) नसेल तर. शेवटच्या 'मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन' (सस्नेह नमस्कार) नंतर मात्र स्वल्पविराम नाही. इंग्रजीच्या सवयीनं तो हमखास पडतो. माझा अजून पडतो.

शब्द जोडीनंच पाठ करा. निर्णय आपण 'घेतो', जर्मन माणूस 'एंटशायडुंग'ला (निर्णयाला) 'ट्रेफन' हे क्रियापद लावतो. 'नेमन' (घेणे) लिहिलं की फसलात. मी रोज एक जोडी वहीत उतरवतो, वर्धा रोडवर, कंपनीची बस चिचभवनला येईस्तोवर.