कमी पैशात स्मोकर घेताना: पत्रा, फट आणि हवा

माझा धंदा पत्र्याचा. कापायचं, वाकवायचं, वेल्डिंग करायचं. त्यामुळे मांस धुरावर शिजवायचा स्मोकर बघायला कुणी मला सोबत नेलं, की ते रंग, चाकं आणि बाजूची लाकडी फळी बघत असतात आणि माझा हात झाकणाच्या कडेवरून फिरत असतो. हौस आहे, पण खिसा बेताचा आहे, अशा माणसाने पैसे कशावर घालावेत हे मी या कडेवरूनच सांगतो.

स्मोकर म्हणजे शेवटी एक पेटी. आत मंद आग, जरासा धूर, हवा आत यायला एक तोंड आणि बाहेर जायला एक. आतलं तापमान साधारण १०७ ते १३५ अंश सेल्सिअसमध्ये तासन्‌तास धरून ठेवता आलं, की पेटीचं काम झालं. एवढा वेळ कशाला? खांद्याचा किंवा छातीचा मोठा तुकडा चिवट असतो तो त्यातल्या कोलेजनमुळे, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट तंतूंमुळे. तुकड्याच्या आतलं तापमान ७० अंशांच्या पुढे गेलं की हे कोलेजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला लागतं, आणि ९३ ते ९६ अंशांपर्यंत नेल्यावर मांस बोटाने सुटं होतं. मधे कुठेतरी, ६५ ते ७५ अंशांच्या आसपास, तापमापकाचा काटा दोन-चार तास हलतच नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि आलेली उष्णता त्यातच खर्ची पडते. नवखा माणूस इथे घाबरून हवेच्या झडपा उघडतो, आग भडकते आणि बाहेरची बाजू कोरडी पडते.

म्हणजे खरी वस्तू विकत घ्यायची ती हवेवरचा ताबा. कोळशाला जेवढी हवा द्याल तेवढाच तो जळतो. पेटीला फटी असतील तर तुम्ही खालची झडप कितीही बंद करा, आग स्वतःपुरती हवा फटींतून ओढून घेते.

याची परीक्षा फुकटात होते. दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून स्मोकरच्या आत ठेवा, झाकण आणि सगळ्या झडपा बंद करा आणि जरा अंधारात जाऊन चारी बाजूंनी बघा. केसासारखी बारीक रेघ दिसली तर चालते, स्वयंपाकातल्या वाफेने आणि चरबीने ती पुढे बुजते. बोटाच्या पेराएवढी उजेडाची पट्टी दिसली, विशेषतः खालच्या भागात, तर तो स्मोकर तिथेच सोडा. वरच्या फटीतून धूर वाया जातो. खालच्या फटीतून आगीला हवा मिळते, म्हणून खालची फट जास्त वाईट. झडप सरकवूनही बघा. ती हलवली तिथेच थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने घसरता कामा नये.

दुसरी परीक्षा वजनाची. पत्र्याच्या कामात तोंडपाठ असलेला हिशेब आहे: एक मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटर साधारण पावणेआठ-आठ किलो भरतो. आडवं पिंप आणि बाजूला फायरबॉक्स, म्हणजे आगीची वेगळी पेटी, असा ऑफसेट स्मोकर हिशेबाला घ्या. पिंप ४५ सेंटिमीटर व्यासाचं आणि ९० सेंटिमीटर लांब, फायरबॉक्स प्रत्येक बाजूने ४० सेंटिमीटर. सगळा पत्रा मिळून अडीच चौरस मीटर होतो. खोक्यावर एकूण वजन २५ किलो लिहिलं असेल, तर पाय आणि जाळ्या वजा केल्यावर पत्रा एक मिलिमीटरच्या घरातच राहतो. विक्रेता ‘हेवी ड्यूटी’ म्हणो नाहीतर आणखी काही. सहा मिलिमीटर जाडीचा हाच स्मोकर नुसत्या पत्र्यानेच १२० किलोच्या जवळ जातो. जाड पत्रा उष्णता साठवतो, त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली किंवा झाकण उघडलं तरी तापमान कोसळत नाही. पातळ पत्र्यात काटा सारखा खालीवर नाचतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कमी बजेटमध्ये ऑफसेट घेऊ नका. दिसायला तोच सगळ्यात रुबाबदार, टेक्सासमधल्या बार्बेक्यूवाल्यांच्या फोटोंत तोच असतो, आणि त्यांच्याकडचा जाड पोलादाचा असतो तेव्हा तो उत्तमच चालतो. पण स्वस्त ऑफसेटमध्ये पत्रा पातळ, फायरबॉक्स आणि पिंपाच्या जोडावर फट, धुराडं नको तितकं उंच लावलेलं आणि फायरबॉक्सकडची बाजू दुसऱ्या टोकापेक्षा कितीतरी गरम. हे सगळं दुरुस्त करता येतं. उष्णतारोधक गॅस्केट पट्टी लावायची, आत आडवा पत्रा टाकून उष्णता पसरवायची, धुराडं आतून जाळीच्या पातळीपर्यंत खाली आणायचं. पण त्यात जो वेळ आणि पैसा जातो त्यात दुसरा चांगला स्मोकर येतो. शिवाय लाकडावर चालणाऱ्या ऑफसेटला दर अर्ध्या-पाऊण तासाने एक ओंडका लागतो. दिवसभर आगीपाशी बसायला आवडत असेल तरच तो आपला.

मग घ्यायचं काय? हातात अगदीच थोडे पैसे असतील तर गोल केटल, म्हणजे झाकणाचा गोल कोळशाचा ग्रिल. हा प्रकार आमच्याच बिरादरीतून आलेला, म्हणून मला जरा जास्त जवळचा. १९५२ साली शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने, तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी बनणाऱ्या धातूच्या अर्धगोलांना पाय आणि मूठ लावून तो केला. ५७ सेंटिमीटर व्यासाच्या केटलमध्ये कडेने ब्रिकेटची, म्हणजे दाबून बनवलेल्या कोळशाच्या वड्यांची, दोन ओळींची माळ लावायची, तिच्यावर ठिकठिकाणी लाकडाचे तुकडे ठेवायचे आणि एकच टोक पेटवायचं. माळ सरपटत जळत जाते आणि कित्येक तास तापमान फारसं हलत नाही. मांस माळेच्या विरुद्ध बाजूला. जागा कमी पडते, रिब्जच्या, म्हणजे बरगड्यांच्या, चार पट्ट्या मांडता येत नाहीत, पण एक मोठा तुकडा किंवा दोन कोंबड्या सहज होतात. आणि हौस ओसरली तर निदान ग्रिल तरी हाताशी राहतो.

थोडे जास्त पैसे असतील तर उभा, बुलेटच्या आकाराचा, पाण्याचं भांडं असलेला कोळशाचा स्मोकर. बेताच्या बजेटवाल्याला मी यापलीकडे काही सुचवत नाही. खाली कोळसा, मधे पाण्याचं भांडं, वर एक किंवा दोन जाळ्या. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आग जरा भडकली तरी जास्तीची उष्णता वाफेत जाते आणि जाळीपर्यंत धक्का पोचत नाही. त्याची किंमत कोळशात मोजावी लागते, कारण पाणी उकळवायलाही इंधन जातंच. सराव झाल्यावर बरेच जण भांड्यात पाण्याऐवजी वाळू घालून वर फॉइल लावतात. कोळसा लावायची पद्धत जिम मिनियन या बार्बेक्यू स्पर्धांतल्या स्पर्धकाच्या नावाने ओळखली जाते: टोपली न पेटवलेल्या कोळशाने भरायची आणि वर मोजकेच पेटलेले निखारे ठेवायचे. आग वरून खाली हळूहळू उतरते. चांगल्या बनावटीचा बुलेट अशा एका भरणीवर दहा-बारा तास चालतो, रात्री उठावं लागत नाही. घेताना मधलं कडं आणि दार नीट बघा. दाराचा पत्रा बहुतेक ठिकाणी पातळ असतो आणि बसत नाही. हाताने जरासा वाकवून तो बसतो, पण कडंच अंडाकृती झालं असेल तर त्याला इलाज नाही. आकाराचं म्हणाल तर ४५ ते ४७ सेंटिमीटर व्यास घरच्या माणसांना पुरतो. मोठा घेतला तर अर्ध्या रिकाम्या स्मोकरलाही भरलेल्या इतकाच कोळसा लागतो.

हात चालत असेल तर पिंपाचा स्मोकर घरी बनवा. २०८ लिटरचं पोलादी पिंप, खाली तीन-चार भोकं, त्यांना बंद करता येतील अशा झडपा, कोळशाची टोपली आणि वर जाळी. पिंपात आधी काय होतं ते पक्कं माहीत असलं पाहिजे, आणि ते खाण्याचंच असलं पाहिजे. आत अस्तर असेल तर ते जाळून आणि घासून पूर्ण काढावं लागतं. आणि एक गोष्ट आम्ही वेल्डिंगवाले कुणालाही सांगू: जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जाळी किंवा पाइप आगीजवळ वापरू नका. जस्ताच्या धुराने थंडी भरून ताप येतो. तो अनुभव या धंद्यातल्या बहुतेकांना असतो आणि जेवणाच्या भांड्यात तो कुणालाच नको.

इलेक्ट्रिक स्मोकर बटण दाबून सोडून देणाऱ्यांसाठी. मासे आणि सॉसेज यांना तो छान. ज्वाला नसल्याने मांसाच्या कडेला येणारी गुलाबी रेघ त्यात फारशी उमटत नाही. ती मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्यावर नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड बसल्याने येते, आणि चवीशी तिचा संबंध नाही. गॅसचा उभा कपाटवजा स्मोकर स्वस्त असतो, पण त्याचं दार टॉर्चच्या परीक्षेत हमखास नापास होतं. पेलेटचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारा स्मोकर सोयीचा, आणि त्याचे जनक जो ट्रेगर (Joe Traeger) यांचं १९८६ चं पेटंट संपल्यावर तो बऱ्याच कंपन्या बनवू लागल्या. मात्र त्यात मोटर, पंखा, पेटवणारी कांडी आणि कंट्रोलर एवढ्या बिघडायच्या जागा आहेत, आणि पेलेट ओलसर झाले की फुगून भुसा होतात आणि त्यांना आगीकडे ढकलणाऱ्या मळसूत्रात अडकतात. स्वस्तातला पेलेट स्मोकर मी घेणार नाही. कामाडो, म्हणजे सिरॅमिकचा अंड्याच्या आकाराचा कुकर, उष्णता अप्रतिम धरतो, पण तो या बजेटचा विषयच नाही.

जुना मिळाला तर जरूर बघा, फक्त हातोडीची मूठ घेऊन जा. तळावर आणि फायरबॉक्सच्या खालच्या कोपऱ्यांवर ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर वरवरचा गंज आहे, ब्रशने निघेल. बद्द आवाज आला तर पत्रा आतून खाल्ला गेलाय. झाकणाच्या आत काळे पापुद्रे सुटलेले दिसले तर भाव पाडायला ते विक्रेत्याला जरूर दाखवा, पण तुम्ही घाबरू नका. ते रंगाचे नसतात, जळलेल्या चरबीचे असतात, आणि खरवडून जातात. वाकडं झालेलं झाकण मात्र नको.

बजेटचे सगळे पैसे स्मोकरवर उडवू नका. मी साधारण दोन-तृतीयांश स्मोकरला ठेवतो. उरलेल्यात आधी दोन तारांचा डिजिटल थर्मामीटर, एक तार जाळीवर आणि एक मांसात. झाकणावरचं तापमानाचं घड्याळ शोभेचं समजा, ते जाळीपासून लांब असतं आणि बरेचदा वीस-पंचवीस अंशांनी खोटं बोलतं. डिजिटलही बर्फाच्या पाण्यात तपासा, शून्य दाखवलं पाहिजे. हा खर्च चैनीचा नाही. कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत गेलीच पाहिजे, आणि ५ ते ६० अंशांच्या मधे मांस रेंगाळलं की जंतू वाढतात, अंदाजाने हे कळत नाही. त्यानंतर कोळसा पेटवायची चिमणी (पत्र्याची उभी नळी), जाड हातमोजे आणि आच्छादन.

घरी आणल्यावर आतून पातळ तेलाचा हात फिरवा आणि मांस न घालता दोन-तीन तास चालवा. यंत्रावरचं तेल, रंगाचा वास सगळं जळून जातं. त्याच वेळी जाळीभर पावाचे तुकडे मांडा आणि काही मिनिटांनी बघा: कुठला करपला, कुठला पांढराच राहिला. तुमच्या जाळीचा गरम-थंड नकाशा समोर येतो. लाकूड वाळलेलं आणि कठीण घ्या, ओक किंवा सफरचंद-चेरीसारखी फळझाडं. पाइन किंवा राळ असलेलं कुठलंही लाकूड नको. धूर निळसर आणि जेमतेम दिसेल इतका हवा. दाट पांढरा धूर निघत असेल तर आगीला हवा कमी पडतेय, आणि मांस कडू होणार.

स्मोकर उघड्यावरच. गॅरेजमध्ये, बंद गच्चीत, दार उघडं ठेवून का होईना, नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि काम झाल्यावर राख पूर्ण थंड झाली की त्याच आठवड्यात काढा. राख हवेतला ओलावा धरते आणि तळाचा पत्रा आधी तिथूनच जातो. आच्छादन त्यानंतर, पत्र्याला हात लावता येईल इतका तो निवल्यावर.