सबडोमेन दुसऱ्या नेमसर्व्हरकडे सोपवताना या चुका टाळा

झोन फाइलमधल्या (डोमेनच्या नोंदींची म्हणजे रेकॉर्डची फाइल) ज्या चुकीमुळे नेमसर्व्हर (नावांवरून पत्ते सांगणारा सर्व्हर) फाइल नाकारतो, ती तिथल्या तिथे सापडते. खरा त्रास होतो तो फाइल बिनतक्रार लोड होऊनही उत्तर चुकीचे जाते तेव्हा.

शेवटचे टिंब विसरणे हे त्याचे जुने उदाहरण. सीनेम रेकॉर्डमध्ये (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) 'दुकान.एक्झाम्पल.नेट' असे टिंबाविना लिहिले, तर बाइंड (नेमसर्व्हरचे सॉफ्टवेअर) पुढे आपल्या झोनचे नाव जोडतो आणि 'दुकान.एक्झाम्पल.नेट.एक्झाम्पल.कॉम' हे कुठेच नसलेले नाव तयार होते. झोन फाइल तपासणारा नेम्ड-चेकझोन कॅपिटल 'डी' पर्यायासह चालवला की सर्व नावे पूर्ण रूपात छापली जातात, आणि असे लांबलेले नाव लगेच नजरेत भरते.

मात्र सर्वाधिक नुकसान डेलिगेशनच्या, म्हणजे सबडोमेन सोपवण्याच्या, क्षणी होते, असे माझे ठाम मत आहे. 'शाखा.एक्झाम्पल.कॉम'साठी मूळ झोनमध्ये एनएस रेकॉर्ड (नेमसर्व्हर कोणता ते सांगणारी नोंद) घातले की त्या नावाची आणि त्याखालची मूळ झोनमधली जुनी रेकॉर्ड फाइलमध्ये दिसत राहतात, पण उत्तरात येत नाहीत. त्या नावाचे एमएक्स (ईमेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे ते सांगणारे रेकॉर्ड) नव्या झोनमध्ये उतरवायचे राहिले, तर पाठवणारा सर्व्हर त्याच नावाच्या ए रेकॉर्डमधल्या आयपी पत्त्याकडे, म्हणजे बहुधा वेबसर्व्हरकडे, ईमेल नेऊ पाहतो, आणि वेबसाइट नीट चालू असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. म्हणून आधी नवा झोन पूर्ण भरावा, त्याच्या प्रत्येक नेमसर्व्हरला डिग या आदेशाने थेट एसओए (झोनचे मुख्य रेकॉर्ड) विचारावा, उत्तरात 'एए' (अधिकृत उत्तर) हा फ्लॅग आहे याची खात्री करावी आणि मगच मूळ झोनला हात लावावा.

नेमसर्व्हरचे नाव सोपवलेल्या सबडोमेनच्याच आत असेल, तर त्याचा पत्ता मूळ झोनमध्येही ग्लू रेकॉर्ड म्हणून द्यावा लागतो. पुढे त्या सर्व्हरचा आयपी बदलला की नव्या झोनमध्ये दुरुस्ती होते, पण मूळ झोनमधला ग्लू जुनाच राहतो, कारण दोन्ही फाइली बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात. एनएस रेकॉर्डमधले नाव सीनेम असू नये, हेही लक्षात ठेवावे.

डीएनएससेक (रेकॉर्डवर डिजिटल स्वाक्षरी करण्याची पद्धत) वापरत असल्यास नवा झोन स्वाक्षरीत होऊन त्याची डीएनएसकी (स्वाक्षरी तपासण्याची सार्वजनिक किल्ली) सर्व सर्व्हरांवर दिसू लागेपर्यंत मूळ झोनमध्ये डीएस रेकॉर्ड (त्या किल्लीची खूण) घालू नये. घातले तर स्वाक्षरी तपासणारे रिझॉल्व्हर (वापरकर्त्यासाठी उत्तर शोधणारे सर्व्हर) थेट 'सर्व्हफेल' ही त्रुटी देतात, आणि न तपासणाऱ्यांकडे सारे ठीक दिसल्याने तक्रारी अर्धवट येतात.

तक्रारी अशाच अर्धवट येत असतील आणि डीएनएससेक नसेल, तर सीरियल (एसओएमधला झोनचा आवृत्ती क्रमांक) पाहावा. तो वाढवला नाही तर दुय्यम सर्व्हर (मुख्य सर्व्हरकडून झोनची प्रत घेणारे) नवी फाइल उचलत नाहीत. तारखेवरून सीरियल लिहिताना दहाच अंक ठेवावेत, कारण ४२९४९६७२९५ ही त्याची कमाल मर्यादा आहे. चुकून भविष्यातली तारीख पडली असेल, तर आकडा नुसता कमी करून भागत नाही: आधी त्यात २१४७४८३६४७ मिळवावे, बेरीज मर्यादेपलीकडे गेल्यास ४२९४९६७२९६ वजा करावेत, सर्व दुय्यम सर्व्हरांनी तो आकडा घेतल्याची खात्री करावी आणि त्यानंतर योग्य सीरियल लिहावा.